इंग्रजी क्रियापदांचा अर्थविवेक

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला नामांचा जाच फारसा होत नाही. वस्तू डोळ्यांसमोर असते, तिचे नाव पाठ केले की काम भागते. आणि ज्या वस्तू आपल्याकडे मुळातच नव्हत्या त्यांची नावे तर स्टेशन, तिकीट, कोर्ट अशी सरळ उचलून आपण आपलीशी केलेली आहेत. विशेषणांतही कसाबसा निभाव लागतो. परंतु क्रियापदापाशी आले म्हणजे, ज्याने उभी हयात सरकारी कचेरीत इंग्रजी मसुदे लिहिण्यात घालविली असा जुना हेडक्लार्कदेखील 'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांपैकी नेमके कोणते येथे बसेल या विवंचनेत लेखणी क्षणभर अडवून धरतो, आणि कोश उघडावा तर तिन्हींच्या पुढे 'पाहणे' हाच एक शब्द मुकाट्याने उभा असलेला आढळतो. अशी जोडपी आणि त्रिकुटे इंग्रजीत शेकड्यांनी आहेत. ती खरोखर समानार्थक आहेत काय, नसल्यास त्यांतील भेद कोठे वसतो, आणि त्या भेदाचा शोध आजवर कोणी कोणत्या मार्गाने घेतला, या प्रश्नांचा एकत्रित परामर्श घेण्याचा येथे विचार आहे.

आपल्या परंपरेची या बाबतीतली वृत्ती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अमरकोश मुखोद्गत करणारा विद्यार्थी एका वस्तूची दहा-वीस नावे एका दमात म्हणत असे. पण त्या नावांत परस्परभेद काय हे त्याला कोणी विचारीत नसे, कारण तो संग्रह मुख्यत्वे कवीच्या सोयीचा होता आणि वृत्तात जे बसेल ते उचलावे हाच त्याचा विनियोग होता. शिवाय अमरसिंहाच्या ग्रंथाचे खरे नावच नामलिंगानुशासन. त्यात क्रियापदांना जागा नाही. धातूंची यादी स्वतंत्र. पाणिनीय धातुपाठात सुमारे 2000 धातू आहेत, परंतु त्यांतील कितीतरी धातूंपुढे 'गती' एवढाच अर्थ लिहून पाठकर्ता पुढे सरकतो. धावणारा, सरपटणारा, लंगडणारा आणि डुलत चालणारा असे सर्वच प्रवासी त्या एका शब्दाच्या धर्मशाळेत उतरलेले आहेत. एकत्र करणे हा आपल्या कोशकारांचा स्वभाव. वेगळे करण्याचा उद्योग, निदान ग्रंथरूपाने, युरोपात झाला.

त्याचा प्रारंभ इंग्लंडात नव्हे तर फ्रान्सात झाला. गाब्रिएल जिरार नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने 1718 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला की, पूर्णपणे समानार्थक असे दोन शब्द भाषेत नसतातच, आणि सुसंस्कृत माणसाची परीक्षा त्यांतील अंतर ओळखण्यातच होते. दरबारी संभाषणाला सुईच्या अग्रावर तोलणाऱ्या त्या काळाला हा विचार अतिशय रुचला. 1766 साली जॉन ट्रस्लर या इंग्रज पाद्र्याने त्याच धर्तीवर इंग्रजी शब्दांचा ग्रंथ रचला, मात्र जिरारचा त्याने इतका मोठा आधार घेतला की इंग्रजी शब्दांचे भेद पुष्कळदा फ्रेंच शब्दांच्या भेदांवरून पाडले गेले. त्यानंतर 1794 साली हेस्टर पिओझी हिचा ग्रंथ आला. कोशकार डॉ. जॉन्सन यांच्या निकट सहवासात वर्षानुवर्षे वावरलेली ही विदुषी, आणि तिचा दुसरा पती इटालियन गवई. म्हणजे परकीयाला घरगुती इंग्रजीत नेमकी कोठे ठेच लागते हे तिला प्रत्यही ऐकावयास मिळत असणार. तिच्या विवेचनात शास्त्र थोडे आणि गप्पा फार, अशी टीका तिच्यावर झाली, तरी दिवाणखान्यातील जिवंत बोलणे ज्यात ऐकू येते असे या विषयावरचे जुने पुस्तक हेच, असे माझे मत आहे. तिच्यामागून 1813 साली नॉरिचच्या विल्यम टेलरने आणि 1816 साली जॉर्ज क्रॅबने आपापले ग्रंथ सिद्ध केले. त्यांपैकी क्रॅबच्या ग्रंथाचा अंमल शतकभर चालला. प्रत्येक शब्दाची आधी व्युत्पत्ती, मग व्याख्या, मग नीतिपर उदाहरण, असा त्याचा कायम शिरस्ता. आणि त्याचा दोषही त्यातच आहे, कारण शब्दाच्या पणजोबांची वंशावळ सांगितल्याने तो शब्द आज कोणता धंदा करतो हे कळतेच असे नाही.

1852 साली पीटर रॉजे या वृद्ध वैद्याने आपला प्रख्यात शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने सुज्ञपणे या भेदनिर्णयाच्या खटल्यातून अंग काढून घेतले. शब्दांना 1000 शीर्षकांखाली आणून बसविणे एवढेच आपले काम, त्यांतील तंटे सोडविणे हे वेगळे शास्त्र, अशी त्याची भूमिका होती. म्हणजे एका परीने रॉजे हा इंग्रजांचा अमरसिंहच. तंटे सोडविण्याचे काम अमेरिकेत वेबस्टर कंपनीच्या 1942 च्या समानार्थक-शब्दकोशाने मोठ्या चिकाटीने केले. प्रथम गटातील सर्व शब्दांना समाईक असलेला अर्थ सांगावयाचा, मग प्रत्येकाचा विशेष दाखवावयाचा, आणि त्याच्या समर्थनार्थ थोर लेखकांची वाक्ये हजर करावयाची, ही त्याची पद्धत पुढे अनेक कोशांनी गिरविली.

इंग्रजीत हा पसारा इतका का वाढला याचे उत्तर त्या देशाच्या इतिहासात आहे. अँग्लो-सॅक्सन लोकांची मूळची जर्मानिक बोली, तिच्यावर नवव्या-दहाव्या शतकांत उत्तरेकडून आलेल्या डेन व नॉर्स लोकांचा थर, 1066 सालच्या नॉर्मन विजयानंतर राजदरबार आणि न्यायसभा यांच्याबरोबर आलेला फ्रेंच थर, आणि विद्येच्या पुनरुज्जीवनकाळी पंडितांनी आणलेला लॅटिन थर, असे हे चार थर एकावर एक बसले. म्हणूनच 'आस्क' हे शेतकऱ्याचे, 'क्वेश्चन' हे अंमलदाराचे आणि 'इंटरॉगेट' हे पोलिसी दप्तरातले, अशी एकाच क्रियेची तीन क्रियापदे झाली. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपणही घरी विचारतो, कचेरीत तपास करतो आणि विद्वत्सभेत पृच्छा करतो. पहिला शब्द घरगुती, दुसरा फारसी वळणाचा, तिसरा संस्कृत. राज्यव्यवहारातून फारसी शब्द हटवून संस्कृत शब्द रूढ करावेत म्हणून शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला, तरी तपास, तक्रार, फिर्याद ही मंडळी काही दप्तरातून उठली नाहीत. नव्यांना त्यांच्या शेजारी जागा करून द्यावी लागली, आणि जागा वेगळी झाली की अर्थही वेगळा होतो.

या वेगळे होण्यालाच कोलरिज कवीने 1817 च्या आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथात एक स्वतंत्र संज्ञा दिली. भाषेच्या अंगी अशी एक वाढीची प्रेरणा असते की, मूळच्या समानार्थक शब्दांना ती कालांतराने निरनिराळी कामे वाटून देते, असे त्याचे म्हणणे होते. मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने 1897 साली अर्थशास्त्रावरील (येथे अर्थ म्हणजे शब्दार्थ, द्रव्य नव्हे) आपल्या ग्रंथात त्याच व्यापाराला वाटणीचा नियम म्हटले. याचे ठळक उदाहरण 'स्टार्व्ह' हे आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ नुसता मरणे असा होता, आणि त्याचे जर्मन भावंड अजून त्याच अर्थाने नांदत आहे. परंतु नॉर्स वळणाचा 'डाय' येऊन ठाण मांडून बसल्यावर 'स्टार्व्ह'ला वतनाचा मोठा भाग सोडावा लागला आणि भुकेने मरणे किंवा भुकेने व्याकूळ होणे एवढाच तुकडा त्याच्याकडे राहिला.

हा थरांचा इतिहास मनोरंजक असला तरी तो शब्दाची प्रतिष्ठा सांगतो, अर्थ पुष्कळदा सांगत नाही. 'बिगिन' साधा आणि 'कमेन्स' भारदस्त, एवढे त्यावरून कळते. पण जी क्रियापदे परकीयाला सर्वांत अधिक छळतात ती बहुतेक एकाच थरातील आहेत. 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' ही चारही जर्मानिक घराण्यातली; तेथे नॉर्मन सरदाराला साक्षीला बोलावून काही निष्पन्न होत नाही.

येथे मला आपल्या वैयाकरणांची आठवण होते. अर्थभेदाचे कोश त्यांनी रचले नसतील, पण क्रियापद आपल्याबरोबर कोणकोणते संबंधी घेऊन येते याचा जो सूक्ष्म विचार पाणिनीने कारकप्रकरणात केला, तो या प्रश्नाची किल्लीच आहे. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण. क्रियेच्या दरबारातील हे सहा मानकरी. सारख्या वाटणाऱ्या दोन इंग्रजी क्रियापदांत पुष्कळदा क्रिया एकच असते, पण कर्माच्या आसनावर दोघे वेगवेगळ्या मानकऱ्यांना बसवितात. 'से' उच्चारलेल्या शब्दांना कर्म करते. ऐकणारा असो वा नसो, त्याला पर्वा नाही. 'टेल'ला ऐकणारा लागतो, म्हणजे आपल्या परिभाषेत संप्रदान, आणि इंग्रजीत तेच त्याच्या लगत येऊन बसते. 'स्पीक' वाणीच्या व्यापाराकडे पाहते, म्हणून भाषा ही त्याचे कर्म होऊ शकते आणि सभेतील वक्ता ते क्रियापद करतो. 'टॉक'ला उलट बोलणारा कोणी तरी हवा असतो. मराठीत म्हणणे, सांगणे आणि बोलणे ही तीन क्रियापदे पहिल्या तिघांशी बऱ्याच अंशी जुळतात, हे आपले मोठे भाग्य. पण 'त्याने मला म्हटले' हे मराठीत चालते आणि इंग्रजीत 'से'च्या लगत 'मला' बसविता येत नाही, तेवढ्यातच चुकीला वाव मिळतो. असत्य, सत्य, गोष्ट आणि घड्याळातील वेळ यांच्यासाठी मात्र 'टेल' श्रोत्यावाचूनही चालते. त्याचा जुना अर्थ मोजणे, एक-एक करून मांडणे असा होता. बँकेत नोटा मोजून देणाऱ्या कारकुनाच्या हुद्द्यात तो अद्याप शिल्लक आहे.

याहून ठसठशीत उदाहरण 'स्टील' आणि 'रॉब' यांचे. दोहोंत एकाचा माल दुसऱ्याकडे जातो. 'स्टील'चे कर्म माल. 'रॉब'चे कर्म माणूस, घर किंवा बँक, म्हणजे ज्याच्यापासून माल गेला ते अपादान. चोरणे आणि लुटणे या आपल्या जोडीतही हा कल आहे, परंतु आपण माणूसही लुटतो आणि खजिनाही लुटतो, इंग्रजीत ही सवलत नाही. संस्कृतात तर मुष् हा चोरी दाखविणारा धातू द्विकर्मक धातूंच्या सुप्रसिद्ध यादीत आहे; ज्याचे चोरले तो आणि जे चोरले ते, दोघेही कर्म होऊ शकतात. त्याच यादीत विचारणे, बोलणे आणि मागणे यांचे धातू आहेत हा योगायोग नव्हे. ज्या क्रियांत दोन पक्ष कर्माच्या आसनावर हक्क सांगतात, त्याच क्रियांसाठी इंग्रजीने दोन-दोन क्रियापदे बाळगलेली दिसतात. संस्कृताने तो तंटा एकाच धातूच्या पदरी दोन कर्मे देऊन मिटविला.

कायद्याने या भेदावर आणखी एक मजला चढविला. मेकॉलेच्या देखरेखीखाली 1837 साली ज्याचा मसुदा तयार झाला आणि जो 1860 साली मंजूर होऊन 1862 पासून 2024 पर्यंत अमलात होता त्या भारतीय दंडसंहितेत 378 वे कलम चोरीचे, 383 वे धाक घालून माल काढण्याचे, 390 वे जबरी चोरीचे आणि 391 वे दरोड्याचे होते. यातील मौज अशी की, जबरी चोरी हा स्वतंत्र गुन्हाच नाही. प्रत्येक जबरी चोरीच्या पोटात एक तर साधी चोरी असते नाही तर धाकाने केलेली उकळणी असते, वर हिंसेची किंवा तत्काळ भयाची भर पडलेली असते. आणि हेच कृत्य पाच किंवा अधिक इसमांनी मिळून केले की त्याचा दरोडा होतो. मग ज्याच्या हाती माल विश्वासाने आधीच सोपविलेला होता त्याचे काय? तो चोरत नाही, लुटत नाही. त्याच्यासाठी 'एम्बेझल' हे क्रियापद आहे, आणि आपल्या मुलकी दप्तरात 'तसलमातीच्या रकमेची अफरातफर' हा प्रयोग आहे. या एका ठिकाणी तरी मराठी अव्वल कारकुनाला इंग्रजीपुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.

चार्ल्स फिलमोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1968 साली क्रियापदांच्या अशा संबंधींची उपपत्ती मांडली, तेव्हा कारकविचार नव्या वेषात पश्चिमेकडून पुन्हा आला असे संस्कृतज्ञांना वाटले असल्यास ते अगदी निराधार नव्हते. 1970 साली त्याने 'हिट' आणि 'ब्रेक' यांची तुलना केली. त्याने मला पायावर मारले असे म्हणता येते, पण मला पायावर मोडले असे म्हणता येत नाही. उलट काठी आपोआप मोडते, पण आपोआप मारत नाही. इंग्रजी आणि मराठी या ठिकाणी एकाच मताच्या आहेत, कारण मारणे हे स्पर्शाचे वर्णन आहे आणि मोडणे हे वस्तूच्या झालेल्या अवस्थेचे. बेथ लेव्हिन यांनी 1993 च्या आपल्या ग्रंथात सुमारे 3000 इंग्रजी क्रियापदांची अशाच वाक्यरचनांच्या कसोटीवर वर्गवारी केली. अर्थ सारखा असेल तर रचनाही सारखी असेल, आणि रचना जेथे फुटते तेथे अर्थही फुटलेला असतो, हे त्यांचे सूत्र.

कारकांनंतर दुसरी मोठी भेदरेषा प्रयत्न आणि सिद्धी यांच्यामधली. ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने 1949 साली मनाच्या स्वरूपावरील ग्रंथात दाखवून दिले की, कित्येक क्रियापदे कार्याची नावे असतात आणि कित्येक यशाची. वैद्य उपचार करतो हे कार्य, रोगी बरा करतो हे यश. शोधणे हे कार्य, सापडणे हे यश. अमेरिकेत झेनो वेंडलर याने 1957 च्या निबंधात ही वाटणी अधिक रेखीव करून अवस्था, व्यापार, निष्पत्ती आणि क्षणसिद्धी असे क्रियापदांचे चार वर्ग कल्पिले. 'लुक' हा व्यापार आणि 'सी' ही त्याची सिद्धी. 'लिसन' हा व्यापार, 'हिअर' ही सिद्धी. म्हणूनच इंग्रज गृहस्थ मी पाहिले पण मला दिसले नाही हे दोन वेगळ्या क्रियापदांनी सांगतो.

आता हे वाक्य मी मराठीत किती सहजतेने लिहिले तेही पाहावे. राइलला ज्या भेदासाठी ग्रंथातली पाने खर्चावी लागली, तो मराठी मूल आईच्या मांडीवर शिकते. मी पाहतो, मला दिसते. मी ऐकतो, मला ऐकू येते. मी शोधतो, मला सापडते. मी आठवून पाहतो, मला आठवते. प्रयत्न करणारा प्रथमेत, आणि ज्याच्या पदरात फळ पडले तो चतुर्थीत! सिद्धी ही मनुष्याने केलेली नसून त्याला मिळालेली आहे, असा जणू मराठीचा अभिप्राय आहे. हा नियम सार्वत्रिक नाही. लढाई आपण प्रथमेनेच जिंकतो. तथापि इंद्रियांच्या आणि बुद्धीच्या प्रांतात तो इतका दृढ आहे की 'सी' आणि 'लुक' यांचा भेद शिकविताना मास्तरांनी पाहणे या शब्दाऐवजी दिसणे या शब्दापासून आरंभ केला, तर निम्मे श्रम वाचतील. अडचण उरते ती निराळीच: मला ऐकू येत आहे, मला समजत आहे असे आपण चालू काळात बोलतो, आणि इंग्रजी 'हिअर' व 'अंडरस्टँड' यांना तो काळ सहसा सोसत नाही. 'वॉच' या तिसऱ्याचे घर वेगळे. ज्या वस्तूत काही घडण्याचा संभव आहे तिच्यावर काही वेळ नजर ठेवणे हा त्याचा अर्थ, म्हणून ते सामन्यासाठी, उतू जाऊ पाहणाऱ्या दुधासाठी आणि संशयित इसमासाठी चालते. वॉचमन हा शब्द आपण उचलला तेव्हा तो अर्थ बरोबर उचलला होता.

याच भेदाचे भान न राहिल्यामुळे 'पर्सुएड' या क्रियापदाची आपल्याकडे फार आबाळ झाली आहे. मी त्याची पुष्कळ समजूत घातली पण तो ऐकेना, हे मराठी वाक्य निर्दोष आहे, कारण समजूत घालणे किंवा मनधरणी करणे हा प्रयत्न आहे. परंतु तेथे 'पर्सुएड' घातले की वाक्य स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देते, कारण तो ऐकेपर्यंत 'पर्सुएड' घडतच नाही. तेथे 'अर्ज' पाहिजे. 'कन्व्हिन्स' आणि 'पर्सुएड' यांच्यातील जुना भेद म्हणजे मत पटवणे आणि मन वळवणे यांतील भेद: पहिल्याने माणूस एखादी गोष्ट खरी मानतो, दुसऱ्याने तो कृतीला प्रवृत्त होतो. अमेरिकेत अलीकडे हा बांध फुटला असून 'कन्व्हिन्स' कृतीकडेही सर्रास नेतात; जुन्या वळणाचे संपादक त्यावर अद्याप लाल शाई ओढतात. बुडणे या क्रियेतही अशीच गफलत होते. 'सिंक' दगडाला आणि जहाजाला, 'ड्राउन' जिवंत प्राण्याला, आणि त्यात प्राण गेल्याची खबर अंतर्भूत आहे. तो बुडाला पण वाचला, हे 'ड्राउन' घालून सांगता येत नाही.

तिसरा भेद डोळ्यांना दिसत नाही, कारण तो क्रियापद जे सांगते त्यात नसून जे गृहीत धरते त्यात असतो. याचे सर्वोत्तम विवेचन पुन्हा फिलमोरचेच, 1971 सालचे. 'अ‍ॅक्यूज' आणि 'क्रिटिसाइझ' या दोन्हींत एक मनुष्य दुसऱ्याविरुद्ध बोलतो आणि कोणते तरी कृत्य चर्चेत असते. परंतु 'अ‍ॅक्यूज' करणारा कृत्य वाईट आहे हे धरूनच चालतो आणि ते अमक्याने केले असे विधान करतो. 'क्रिटिसाइझ' करणारा ते अमक्याने केले हे धरून चालतो आणि ते वाईट होते असे विधान करतो. गृहीत आणि विधान यांची नुसती अदलाबदल! आरोप करणे आणि टीका करणे यांत हाच फरक आहे. आरोपाला उत्तर द्यावयाचे तर मी ते केलेच नाही असे म्हणावे लागते, आणि टीकेला उत्तर द्यावयाचे तर मी केले ते योग्यच होते असे म्हणावे लागते. ज्या पुढाऱ्यांना या दोन क्रियापदांतला भेद कळत नाही ते टीकेला इनकाराने आणि आरोपाला समर्थनाने उत्तर देऊन बसतात.

चौथा भेद संगतीचा. तो जुन्या समानार्थकोशकारांच्या हाती लागणे शक्यच नव्हते, कारण तो एखाद्या वाक्यात दिसत नाही, हजारो वाक्ये एकत्र मांडली तरच दिसतो. बर्मिंगहॅम येथे जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी मजकुराचा प्रचंड साठा गणकयंत्रात भरून त्यावरून 1987 साली कोबिल्ड कोश तयार झाला. त्या कामात त्यांना आढळले की, 'सेट इन' या क्रियापदाचा कर्ता जवळजवळ नेहमी काही तरी अनिष्ट असते: कुजणे, निराशा, वाईट हवामान. पुढे मायकेल स्टब्ज यांनी 1995 साली 'कॉज' या निरुपद्रवी भासणाऱ्या क्रियापदाची झडती घेतली, तेव्हा त्याच्या पदराशी रोग, नुकसान, त्रास यांचीच गर्दी निघाली. 'प्रोव्हाइड'च्या पदराशी मात्र मदत, सेवा, आसरा. व्याख्येत यातले काही नाही, तरी सुख 'कॉज' केले असे लिहिले की इंग्रजाच्या कानाला ते खटकते. मराठीत ही गोष्ट सिद्ध करावयास यंत्राची जरूर नाही. संकट ओढवते, भाग्य ओढवत नाही. वारसा लाभतो, दारिद्र्य लाभत नाही. रोग जडतो आणि अंदाधुंदी माजते.

उरली दोन प्रकरणे, त्यांचा परामर्श थोडक्यात घेतो. इंग्रजीत 'लाय' आणि 'ले', 'राइझ' आणि 'रेझ', 'सिट' आणि 'सेट', 'फॉल' आणि 'फेल' अशा जोड्या आहेत. दुसरे क्रियापद पहिल्याचे प्रयोजक. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे यांच्यासारखीच स्वर पालटून प्रयोजक करण्याची ही रीत, पण मराठीत ती अजून राबती आहे आणि इंग्रजीत तिचे चार-दोन अवशेष राहिले आहेत. 'ड्रेंच' हे एके काळी 'ड्रिंक'चे प्रयोजक होते हे आज कोणा इंग्रजाच्या स्वप्नातही येत नाही, आणि 'लाय'-'ले' यांचा घोळ तर ते स्वतःच नित्य घालतात. दुसरे प्रकरण 'गिव्ह अप', 'पुट अप विथ' यांसारख्या जोडक्रियापदांचे. परकीयांना सर्वांत अधिक घोर लावणारा भाग हाच, असे डॉ. जॉन्सन यांनी 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे. 1930 साली सी. के. ऑग्डेन यांनी 850 शब्दांची अल्पाक्षरी इंग्रजी बनविली आणि क्रियापदे केवळ 18 ठेवली, तेव्हा जगाला मोठी सुटका झाल्यासारखे वाटले; परंतु टाकून दिलेल्या क्रियापदांचा सारा भार या 18 जणांनी 'इन', 'ऑफ', 'अप' यांच्या खांद्यांवर टाकला, आणि अडचण कमी न होता फक्त तिचा मुक्काम बदलला. ज्यांनी एका हृ धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार झालेले पाहिले आहेत त्यांना यात अपूर्व असे काही नाही. फरक इतकाच की आपले उपसर्ग पुढे चालतात आणि त्यांचे मागून येतात.

द्विभाषी कोशांनी या सर्वांचा किती उपयोग करून घेतला? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती 1857 साली. इंग्रजी-मराठी कोश त्यानेच आरंभला व थॉमस कँडीने 1847 साली पुरा केला. हे ग्रंथ त्या काळच्या मानाने अद्भुत आहेत, परंतु शब्दापुढे प्रतिशब्द ठेवणे हाच त्यांचा धर्म होता. परकीय विद्यार्थ्याला प्रतिशब्दापेक्षा वाक्याची घडण अधिक उपकारक होते, हे ओळखून ए. एस. हॉर्न्बी यांनी टोकियोत 1942 साली प्रसिद्ध केलेल्या कोशात प्रत्येक क्रियापदाला त्याचा साचा नेमून दिला. असे 25 साचे त्यांनी कल्पिले होते. तो कोश 1948 साली ऑक्सफर्डने पुन्हा छापला आणि तेथून तो आपल्या शाळांच्या कपाटांत पोहोचला.

मराठी वाचकासाठी या विषयावरील ग्रंथ रचावयाचा तर तो इंग्रजी वर्णानुक्रमाने न लावता मराठी क्रियापदांच्या अनुक्रमाने लावावा आणि प्रत्येकाखाली कर्माची जात विचारावी, असे मला वाटते. नमुन्यादाखल नाकारणे हे क्रियापद घेऊ. नाकारलेली गोष्ट विधान किंवा आरोप असेल तर 'डिनाय'. विनंती, हुकूम किंवा लाच असेल, अथवा नकार एखादी कृती करण्याला असेल, तर 'रिफ्यूज'. निमंत्रण किंवा सन्मान असेल आणि नकारात अदब राखावयाची असेल तर 'डिक्लाइन'. अर्ज, प्रस्ताव, हस्तलिखित असेल, म्हणजे वस्तू पारखून परत केलेली असेल, तर 'रिजेक्ट'. आणि कर्ज, तहनामा किंवा स्वतःवरील बंधन असेल तर 'रिप्युडिएट'. 'डिनाय'ला मात्र एक पोटकलम जोडावे लागेल, कारण ज्याला हक्क, प्रवेश किंवा परवानगी मिळाली नाही तो मनुष्यही त्या क्रियापदाचे कर्म होतो, आणि तेथे नाकारणाऱ्याने काही खोटे ठरविलेले नसते, फक्त देणे थांबविलेले असते.